गावच्या घरासाठी चूल घेताय? आधी सरपण बघा, मग धुराडं, आणि मग चूल

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की ओळखीपाळखीतून एक प्रश्न हमखास येतो. गावचं घर दुरुस्त करून घेतलंय, गॅस आहेच, पण मागच्या पडवीत लाकडावरची एक चांगली चूल हवी आहे, कुठली घेऊ? विचारणारे दादर, मुलुंड, बोरिवली, डोंबिवलीचे. घर राजापूरला, देवगडला, श्रीवर्धनला, मुरबाडला, कुणाचं महाबळेश्वरला. सोबत दोन-तीन स्टोव्हचे फोटोही आलेले असतात.

मी दर वेळी एकच सांगतो. फोटो बाजूला ठेवा आणि तुमच्या परसात जळण काय आहे ते सांगा. चूल ही सगळ्यात शेवटी घ्यायची वस्तू आहे. मी स्वतः हे उलटं केलं होतं. मुंबईतल्या एका प्रदर्शनात पंख्यावर चालणारी चूल बघितली, आवडली आणि राजापूरजवळच्या आमच्या घरी घेऊन गेलो. मे महिन्यात ती उत्तम चालली. जूनपासून घर बंद. गणपतीला गेलो तर बॅटरी बसलेली, पंख्याचा दांडा गंजून अडकलेला. शिवाय तिला लागायच्या बोटभर ढलप्या रोज फोडून ठेवणार कोण, हा प्रश्न मी घेताना विचारलाच नव्हता. चूल वाईट नव्हती, आमच्या घराला ती लागू पडणारी नव्हती.

लाकडावरची चूल ही नुसती हौस आहे असंही मी मानत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा रायगडातल्या कितीतरी गावांत कित्येक दिवस वीज नव्हती आणि रस्त्यांवर झाडं आडवी पडल्याने सिलिंडरची गाडी येणंही अवघड होतं. ज्यांच्या मागच्या दारी चूल आणि माळ्यावर कोरडं लाकूड होतं, त्यांच्याकडे भात शिजला. म्हणून ही निवड नीट व्हावी असं मला मनापासून वाटतं.

मुंबईतल्या फ्लॅटपुरतं आधी बोलून घेऊ

फ्लॅटमध्ये लाकडाची वा कोळशाची चूल नको. स्वयंपाकघरात नको, बाल्कनीत नको, सोसायटीच्या गच्चीवर कायमची मांडलेली नको. ओट्यावरची विजेची चिमणी फोडणीच्या वाफेसाठी असते. तिच्या जाळीत तेलाचा थर बसलेला असतो आणि लाकडाची एक ठिणगी तिथे पोचली की आग थेट नळीत शिरते. बाल्कनीतल्या शेगडीचा धूर वरच्या मजल्यावरच्यांच्या खिडकीतून आत जातो, आणि तिथे एखादं दम्याचं माणूस असतंच. डिसेंबर-जानेवारीत मुंबईवर हवा साचून राहते, धूर वर जातच नाही. ९ जानेवारी २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्या आणि भट्ट्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या हरित इंधनाकडे वळायला सांगितलं. पिढ्यान्‌पिढ्या पाव भाजणाऱ्यांना हे करावं लागलं, तर आपण हौसेसाठी शहरात धूर करू नये.

चुलीची चवच हवी असेल तर धुंगार द्या. गॅसवर एक लाकडी कोळसा लाल करायचा, वाटीत ठेवून ती वाटी वांग्याच्या भरतात किंवा डाळीत मधोमध ठेवायची, वर तूप सोडून दोन मिनिटं झाकण. खिडकी उघडी ठेवायची. एका कोळशात काम होतं.

इथून पुढचं सगळं गावच्या, मोकळ्या जागेतल्या घरासाठी आहे.

पहिलं पाऊल: चुलीवर नेमकं काय होणार?

कागदावर लिहून काढा. किती माणसांचा स्वयंपाक, वर्षातले किती दिवस, कुठले पदार्थ, आंघोळीचं पाणी तापवायचं का, खोली उबदार करायची का. या प्रत्येकाची चूल वेगळी.

यातला पदार्थांचा मुद्दा शहरात बसून लक्षात येत नाही. आमच्या घरी दुसऱ्यांदा चूल घ्यायचं ठरलं तेव्हा मी काकीला रॉकेट चुलीचं, म्हणजे आत काटकोनात उभी नळी असलेल्या चुलीचं, चित्र दाखवलं. तिने ते नीट पाहिलं आणि विचारलं, "अरे, यात निखारे पुढे ओढायला जागा कुठाय? भाकरी कुठे शेकू?" तिचं बरोबर होतं. मातीच्या चुलीच्या तोंडाशी निखारे पसरता येतात आणि तव्यावरची भाकरी त्यांच्यासमोर उभी करून फुगवता येते. रॉकेट चुलीत किंवा गॅसिफायरमध्ये, म्हणजे लाकडातून निघणारा वायू जाळणाऱ्या चुलीत, ती जागाच नसते. भाकरी, सुकट, पापड, वांगी असं निखाऱ्यावरचं काम जास्त असेल तर तोंड मोकळं असलेलीच चूल हवी. पेज, भात, आमटी, मोदकांचं वाफवणं जास्त असेल तर रॉकेट चूल सरस, कारण तिचा जाळ सरळ भांड्याच्या बुडाला लागतो. घावणे-आंबोळ्यांसाठी बिडाचा तवा वापरणार असाल तर तो जड असतो. हलक्या पत्र्याच्या, तीन बारीक पायांच्या चुलीवर तो डुगडुगतो, तेव्हा रुंद बैठकीची चूल बघा.

चुलीसमोर रोज बसणार कोण, त्या माणसाला विचारल्याशिवाय काही घेऊ नका. गुडघे दुखत असतील तर ओट्यावर मांडता येईल अशी चूल लागेल. त्यात भांड्याची कड उभ्या माणसाच्या कोपराच्या थोडी खाली आली पाहिजे, नाहीतर खांदे भरून येतात.

दुसरं पाऊल: सरपण

इथे वेळ द्या, कारण बाकीचं सगळं यावर ठरतं.

कोकणातल्या परसात काय मिळतं ते आठवा. नारळाची सोडणं, करवंट्या, झावळ्यांचे देठ, आंब्या-फणसाच्या छाटलेल्या फांद्या, काजूचं लाकूड, किनाऱ्याला सुरू, कुंपणाला लावलेलं गिरिपुष्प, बांबू. ज्यांच्याकडे गुरं आहेत त्यांच्याकडे शेणी. देशावरच्या गावांत बाभूळ, तुरकाट्या, पऱ्हाट्या. प्रत्येकाचा जाळ निराळा. सुरू आणि बाभूळ घट्ट लाकडाची, निखारा बराच वेळ टिकतो. आंबा चटकन पेटतो आणि मध्यम जळतो. झावळी आणि पऱ्हाटी भसकन पेटून संपते, त्यामुळे ती आच धरायला चांगली, पण तिच्यावर तासभराचा स्वयंपाक करायचा तर समोरून हलता येत नाही. करवंटीचा जाळ जोरदार, तिचा कोळसाही उत्तम. सोडण मात्र धुमसतं, पूर्ण वाळलेलं असलं तरच घाला. शेणी मंद आणि लांब जळतात, धूर जास्त देतात. बांबूची पेरं बंद असतात, आतली हवा तापली की फटाक्यासारखी फुटतात, म्हणून बांबू उभा चिरूनच वापरावा.

आता ओलाव्याचं. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळपास निम्मं पाणी असू शकतं. म्हणजे किलोभर ओलं लाकूड चुलीत घातलं तर आधी अर्धा लिटर पाणी उकळून उडवायचं आणि मग उरलेल्या उष्णतेवर भात शिजवायचा. चांगल्या वाळलेल्या लाकडाच्या किलोतून साधारण १५ ते १६ मेगाज्यूल उष्णता मिळते, ओल्यातून त्याच्या निम्मीच. शिवाय ओल्या लाकडामुळे चुलीतलं तापमान पडतं, लाकडातून निघणारा वायू न जळताच बाहेर येतो. तोच धूर. डोळ्यांत जाणारा धूर म्हणजे न जळलेलं जळण, हे एकदा मनात पक्कं बसलं की चुलीबद्दलचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

लाकूड २० टक्क्यांपेक्षा कमी ओलाव्याचं हवं. ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं, पण त्याच्याशिवायही कळतं. दोन तुकडे एकमेकांवर आपटा. कोरडे असतील तर खणखणीत आवाज येतो, ओले असतील तर दबका. टोकाला किरणांसारख्या चिरा पडलेल्या असतात, साल सुटायला लागलेली असते. खात्री हवी असेल तर एक ओंडका काट्यावर तोला, आठवडाभर उन्हात ठेवा, पुन्हा तोला. वजन उतरायचं थांबलं की तो वाळला. चुलीत घातल्यावर टोकाला फेस आला तर तो अजून तयार नाही.

फोडून वाळवा, अख्खे ओंडके नकोत. मनगटाएवढ्या जाडीच्या फाका दिवाळीनंतर फोडून, जमिनीपासून वीतभर वर, मधून वारा खेळेल अशा रचल्या की मे महिन्यापर्यंत तयार होतात. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीची, तयारी करताना पूर्वी तांदूळ, मीठ, मिरची यांच्याबरोबर लाकूडही माळ्यावर किंवा मांगरात भरायचे, ते अगदी शास्त्रशुद्ध होतं. पावसाळ्यात कोकणातली हवाच इतकी दमट असते की उघड्यावरचं वाळलेलं लाकूडही पुन्हा ओल धरतं. चुलीच्या वरच्या माळ्यावर ते कोरडं राहतं. तुम्ही मुंबईत राहत असाल आणि हे काम करायला गावात कुणी नसेल, तर हा विचार चूल घेण्याआधीच करा. वाळलेलं लाकूड ठेवायला छपराखाली जागा नसेल तर पैसे आधी त्या खोपीवर घाला.

उसाच्या चिपाडापासून, भुशापासून, शेतातल्या काडीकचऱ्यापासून दाबून बनवलेल्या कांड्या पांढरा कोळसा म्हणून मिळतात. ओलावा कमी, आकार सारखा, जळतातही छान. पण त्या कारखान्यांच्या बॉयलरसाठी बनवलेल्या जाड कांड्या असतात, घरच्या चुलीला फोडून घ्याव्या लागतात. पाणी लागलं की फुगून त्यांचा भुगा होतो.

काय जाळायचं नाही, हे मी जरा कडकपणे सांगतो. काजूची टरफलं नकोत. त्यांच्यातलं तेल कातडी भाजणारं असतं आणि धूर घशाला झोंबतो. बिब्ब्याचं लाकूड नको, त्याच्या धुरानेही अंगावर फोड येतात. कण्हेर नको, ती सगळी विषारी. प्लायवूड, लॅमिनेट, प्लास्टिक, रंगवलेलं किंवा कीड लागू नये म्हणून औषध मारलेलं लाकूड नको. मुंबईत चाळ पाडली की जुन्या दारं-खिडक्यांचं सागवान टेम्पोत भरून गावी नेण्याची पद्धत आहे. त्यातल्या चांगल्या फळ्यांचं फर्निचर करा, पण तुकडे चुलीत घालू नका. जुन्या तेलरंगात शिसं असायचं, त्यावरची मर्यादा दशलक्षात ९० भाग इतकी खाली आली ती २०१७ मध्ये. ते शिसं धुरातून छातीत आणि राखेतून भांड्यांवर, माडाच्या आळ्यात जातं.

झाडतोडीचा कायदाही लक्षात ठेवा. खाजगी जमिनीतली काही झाडं तोडायलाही महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याप्रमाणे परवानगी लागते, त्यात साग आणि खैर येतात. कांदळवन तोडायला उच्च न्यायालयाची मनाई आहे. महाबळेश्वर-पाचगणी पट्टा २००१ पासून पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे, तिथे आणखी जपून. बागेची दरवर्षीची छाटणी, पडलेल्या फांद्या आणि माडाचा पालापाचोळा एवढ्यावर एका घराची चूल आरामात चालते.

तिसरं पाऊल: प्रकार कुठला?

मातीची, वैल म्हणजे शेजारी दुसरं भांडं ठेवायचं तोंड असलेली पारंपरिक चूल अजूनही टाकाऊ नाही. निखाऱ्याचं काम तिच्यावरच होतं आणि वैलावर दूध-पाणी गरम राहतं. पण ती बरीचशी उष्णता वाया घालवते. तिला धुराडं जोडून निर्धूर केली तर स्वयंपाकघरातला धूर कमी होतो. जाड माती उष्णता अडवते असा समज आहे, प्रत्यक्षात ती उष्णता पिते. अर्धा तास चूल स्वतःच तापत राहते. दिवसभर पेटती चूल असेल तर चालतं. मुंबईहून आलेलं चार माणसांचं कुटुंब सकाळी चहा आणि दुपारी एकदाच स्वयंपाक करत असेल, तर ही मोठी नासाडी आहे.

रॉकेट चूल इथे कामाला येते. लॅरी विनियार्स्की यांनी १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या अप्रोव्हेचो संशोधन केंद्रात ती मांडली. आडव्या तोंडातून लाकडाची टोकं आत सरकवायची, आत काटकोनात उभी नळी, नळीभोवती हवा धरून ठेवणारा हलका थर. नळीची उंची तिच्या रुंदीच्या साधारण तिप्पट असते. आतलं तापमान चढं राहतं म्हणून वायू तिथेच जळून जातो आणि धूर फार थोडा उरतो. घेताना दोन गोष्टी हात घालून बघा. लाकूड ठेवायला आत फळीसारखी जाळी असावी, म्हणजे हवा लाकडाच्या खालून जाते. आणि उभ्या नळीभोवती नुसता विटा-सिमेंटचा भराव नको. राख, परलाइट किंवा सिरॅमिकसारखं हलकं काहीतरी हवं. भांड्याभोवती सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर फट ठेवून बसणारं पत्र्याचं कडं मिळालं तर जरूर घ्या, लाकडात चांगलाच फरक पडतो.

पंख्याची चूल आणि वरून पेटवायची गॅसिफायर चूल सगळ्यात स्वच्छ जळतात. अट अशी की जळण बारीक, सारखं आणि कोरडं हवं, आणि गॅसिफायरमध्ये ते एकदाच भरायचं असतं. मध्येच आमटी वाढवायची झाली तर जळण वाढवता येत नाही. बारमाही वस्ती असलेल्या, कुणीतरी कांड्या किंवा ढलप्या आणून देणार असलेल्या घरात हा उत्तम पर्याय. वर्षातून तीनदा उघडणाऱ्या घरात मी तो सुचवत नाही.

माणसं दोन-चार आणि जेवण साधं वरण-भात-भाजीचं असेल तर कोळशाचा वाफेवरचा कुकर बघा. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या आरती या संस्थेने सराई कुकर म्हणून तो लोकांपुढे आणला. शंभरेक ग्रॅम कोळशावर चार-पाच जणांचं जेवण एकत्र शिजतं आणि समोर बसावं लागत नाही. पण कोळसा म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, त्याबद्दल पुढे सांगतो.

पाणी तापवायला तांब्याच्या बंबासारखं दुसरं काही नाही. मध्ये जाळाची नळी, भोवती पाणी, त्यामुळे उष्णता बाहेर जायला वावच कमी. हिशेब करून बघू. २० लिटर पाणी २५ अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला सुमारे १.७ मेगाज्यूल उष्णता लागते. उष्णतेचा ३० टक्के भाग पाण्यात उतरला तरी साधारण ३५० ग्रॅम कोरडं लाकूड पुरतं, तीन दगडांच्या उघड्या चुलीवर त्याच्या दुप्पट. करवंट्या आणि काटक्या बंबाला फार मानवतात. पुण्याची तांबट आळी आणि मुंबईत पायधुणीचा तांबाकाटा इथे बंबांची चौकशी करा. पत्रा जाड हवा, खालची जाळी काढता येणारी हवी, सांध्याला आतून हात फिरवून बघा. आत पाणी नसताना बंब कधी पेटवू नका, सांधे सुटतात. आणि तो न्हाणीघराच्या आत नको, बाहेरच्या बाजूला, उघड्यावर हवा.

राहिला बंद दाराचा, बिडाचा किंवा पोलादाचा, खोली गरम करणारा स्टोव्ह. कोकणात त्याचं काही काम नाही. महाबळेश्वर-पाचगणीत घर असलेल्यांसाठी थोडं सांगतो. याच्यात दोन जाती असतात, नुसत्या लाकडाचा आणि बहुइंधनी. लाकूड राखेच्या थरावर बसून, वरून येणाऱ्या हवेवर छान जळतं. कोळसा आणि कांड्यांना हवा खालून लागते, म्हणून बहुइंधनी स्टोव्हमध्ये खाली जाळी आणि राखेचा खण असतो, आणि हवेच्या वरच्या-खालच्या झडपा वेगळ्या. तुम्ही फक्त लाकूड जाळणार असाल तर जाळीसाठी जास्त पैसे देऊ नका. लाकूड आणि पांढरा कोळसा आलटून पालटून वापरणार असाल तर बहुइंधनीच घ्या आणि लाकडाच्या वेळी खालची झडप बंद ठेवा. दगडी कोळसा घरात नकोच, त्यातल्या गंधकाचा धूर छातीला आणि धुराड्याच्या पत्र्याला, दोघांनाही खातो.

आकार किती? खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये काढा आणि १४ ने भागा, तितके किलोवॅट हा थंड देशांतला ढोबळ आडाखा. १२ बाय १४ फुटांच्या, १० फूट उंच खोलीला साडेतीन येतात, आणि आपल्याकडची थंडी त्या देशांइतकी नसते. चार-पाच किलोवॅटच्या वर जाऊ नका. मोठा स्टोव्ह घेऊन हवा कोंडून मंद जाळला की धुराड्यात डांबरासारखा थर साचतो आणि एक दिवस तो थरच पेटतो.

चौथं पाऊल: धुराडं

चांगली चूल आणि वाईट धुराडं यापेक्षा साधी चूल आणि चांगलं धुराडं केव्हाही बरं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात लाकूड, शेणी, कोळसा, रॉकेल यांच्या घरातल्या धुरामुळे जगात ३२ लाख माणसं गेली. आमच्या आजीचे डोळे कायम लाल असायचे, ते वयामुळे असं आम्ही समजत होतो.

गरम हवा हलकी असते, वर जाते आणि मागून ताजी हवा ओढून घेते. ही ओढ उंचीवर अवलंबून असते. जाळापासून टोकापर्यंत १० ते १२ फूट उंची मिळवा. छपरातून नळी बाहेर येते तिथून ती किमान ३ फूट वर असावी आणि आजूबाजूच्या १० फुटांतल्या छपराच्या कुठल्याही भागापेक्षा २ फूट उंच. आमची पहिली नळी पागोळीच्या खालीच संपवली होती. वारा समुद्राकडून आला की सगळा धूर उलटा स्वयंपाकघरात यायचा. ती आढ्याच्या वर नेली आणि त्याच चुलीचा धूर थांबला.

नळी शक्य तितकी सरळ ठेवा. वळण द्यावंच लागलं तर काटकोनात नको, तिरकं द्या. आडवा तुकडा हाताएवढाच. तळाशी झाकण असलेलं एक तोंड ठेवा, तिथून काजळी काढता येते. कौलारू घरात वासे आणि रिपा लाकडाच्या असतात. एकेरी पत्र्याची नळी त्यांच्यापासून दीड फूट लांब हवी, आणि ते छपरातून काढताना जमत नाही. म्हणून मी चिऱ्याच्या भिंतीतून नळी बाहेर काढून भिंतीलगत वर न्यायला सांगतो. पाणी शिरण्याचा प्रश्नही त्यातच मिटतो.

सामान मुंबईतून नेणार असाल तर नागदेवी स्ट्रीटला पाइप मिळतात. समुद्रापासून जवळच्या घराला ३१६ प्रतीचं स्टेनलेस स्टील घ्या, आत डोंगराकडे ३०४ चालतं. जस्ताचा मुलामा असलेला पाइप जाळाजवळच्या पहिल्या टप्प्यात लावू नका. मुलामा जास्त तापला तर त्याचा धूर बाधतो. ॲसबेस्टॉस-सिमेंटचे पाइप पूर्वी निर्धूर चुलींना सर्रास लावत, ते आता घेऊ नका, कापताना त्याचे तंतू फुप्फुसात जातात. टोकाला पावसाची टोपी आणि पाखरं आत घरटी करू नयेत म्हणून मोठ्या छिद्रांची जाळी.

पाचवं पाऊल: दुकानात काय विचारायचं

पहिला प्रश्न मानकाचा. हलवता येणाऱ्या घरगुती चुलींसाठी आयएस १३१५२ हे भारतीय मानक आहे. २०१३ च्या आवृत्तीप्रमाणे पंखा नसलेल्या चुलीची औष्णिक कार्यक्षमता, म्हणजे जळणातल्या उष्णतेपैकी भांड्यात उतरणारा भाग, किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीची किमान ३५ टक्के लागते, धूर आणि कार्बन मोनॉक्साइडवरही मर्यादा आहेत. चाचणीचा अहवाल मागा. दुकानदाराने नुसतं "साठ टक्के लाकूड वाचतं" म्हटलं तर कशाच्या तुलनेत ते विचारा.

त्यापेक्षा चांगलं म्हणजे स्वतः चाचणी घ्या. ५ लिटर पाणी झाकणाच्या टोपात घ्या, लाकूड तोलून घ्या आणि थंड चुलीवर पाणी उकळवा. उकळी फुटली की उरलेलं लाकूड पुन्हा तोला. अर्ध्या किलोच्या आसपास लाकूड गेलं तर चूल चांगली. किलोभर गेलं तर तीन दगडांवरही तेवढंच झालं असतं. शक्य असेल तर गावचंच लाकूड पिशवीत घालून न्या. दुकानातल्या सुक्या फळ्यांवर सगळ्याच चुली छान पेटतात.

मग वस्तू बघा. जाळी बिडाची आणि जाड आहे का, ती वेगळी विकत मिळते का? जाळी सगळ्यात आधी जळते. बंद स्टोव्हचं दार कागदाची पट्टी अडकवून लावा, पट्टी ओढून निघाली तर दार नीट बसत नाही. तुमचा नेहमीचा टोप, हंडा, तवा वर ठेवून हलवून पाहा. सुटे भाग कुडाळ किंवा चिपळूणला मिळत नसतील तर दोन जाळ्या आधीच घेऊन ठेवा.

सहावं पाऊल: पहिला जाळ, आणि घर बंद करताना

नवीन मातीच्या चुलीला आठवडाभर सावलीत वाळू द्या आणि पहिले दोन दिवस काटक्यांचाच जाळ करा, नाहीतर तडे जातात. बिडाच्या स्टोव्हलाही तसंच, तीन-चार लहान जाळांनंतरच मोठा. धुराडं थंड असेल तर आधी त्याच्या तळाशी वर्तमानपत्राचा एक बोळा पेटवा. आतली हवा तापली की ओढ लागते, मग लाकूड पेटवा. ज्योत पिवळी-उजळ आणि टोकाला धूर नाहीसा, म्हणजे जमलं.

कोळसा किंवा निखारे बंद खोलीत कधीच नकोत. रात्री थंडी वाजते म्हणून निखाऱ्याची शेगडी झोपायच्या खोलीत ठेवून माणसं सकाळी उठलीच नाहीत, अशा घटना दर हिवाळ्यात कुठे ना कुठे घडतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. डोकं जड होणं, मळमळणं, चक्कर येणं ही खूण. एकापेक्षा जास्त जणांना एकाच वेळी असं वाटलं तर सगळ्यांना आधी बाहेर काढा, दारं-खिडक्या उघडा आणि १०८ ला फोन करा. बंद स्टोव्ह घेतलात तर या वायूची सूचना देणारं छोटं यंत्र त्याच खोलीत लावा. लहान मुलं असतील तर चुलीभोवती तीन फुटांची रेघ आखून ती ओलांडायची नाही हे पहिल्याच दिवशी सांगा.

सुट्टी संपवून मुंबईला निघायच्या आदल्या दिवशी राख पूर्ण काढा. राख हवेतली ओल शोषते आणि क्षारी असल्याने लोखंड खाते, राखेसकट पावसाळा काढलेली जाळी गणपतीपर्यंत खवल्यांसारखी सुटते. काढलेली राख लोखंडी घमेल्यात झाकून दिवसभर बाहेर ठेवा, वरून गार दिसली तरी आत निखारा जिवंत असतो. मग ती माडाच्या आळ्यात घाला. जाळीला आणि दाराच्या बिजागऱ्यांना खोबरेल तेलाचा हात द्या. हलवता येणारी चूल गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवा. स्टोव्हच्या झडपा उघड्या ठेवा म्हणजे आत हवा खेळेल. बंबातलं पाणी काढून तोटी उघडी ठेवा. काजळी काढायची ती जूनच्या आधी, आणि गणपतीला पोचल्यावर जाळ लावण्यापूर्वी तळाचं झाकण काढून एकदा आत नजर टाका, गांधीलमाश्यांनी पोळं केलेलं असतं.